हवेच्या तळाशी बसून टिपलेले ग्रह

आठ इंची न्यूटोनियन दुर्बिणीचं नाभीय अंतर बहुधा १२०० मिलिमीटर असतं. तिच्या आरशातून तयार होणारी गुरूची प्रतिमा, गुरू पृथ्वीच्या जवळ आलेला असला तरी, जेमतेम पाव मिलिमीटर व्यासाची भरते. त्या पाव मिलिमीटरात गुरूचे पट्टे, मोठा तांबडा डाग, त्याच्या मागे उसळलेली ढगांची खळबळ आणि एखाद्या चंद्राची सावली हे सगळं मावलेलं असतं. आणि आज ते पुण्या-नाशिकच्या गच्चीवरून बाहेर काढता येतं. १९६०-७० च्या दशकांत मोठमोठ्या वेधशाळांनी फिल्मवर घेतलेले ग्रहांचे फोटो आजच्या चौदा इंची हौशी दुर्बिणीच्या फोटोंपुढे फिके दिसतात. हे घडलं कसं, त्यात दुर्बिणीचा वाटा किती आणि संगणकाचा किती, असा फोटो खरा कुठवर मानायचा, आणि महाराष्ट्रातल्या माणसाने यात उतरावं का, एवढे प्रश्न इथे घ्यायचे आहेत.

आधी मापं. आकाशातले आकार अंश, कला आणि विकला यांत मोजतात. एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला. रुपयाचं नाणं साडेचार किलोमीटरवर धरलं तर ते एक विकला दिसेल. गुरूची तबकडी ३० ते ५० विकलांची, शनीची वीसपर्यंत, कडी धरली तर साधारण पंचेचाळीस. मंगळ एरवी चार विकलांचा ठिपका असतो आणि फार फार तर पंचवीसपर्यंत फुगतो. युरेनस पावणेचार आणि नेपच्यून सव्वादोन विकलांचा, त्यामुळे या दोघांकडे पहिली काही वर्षं न वळलेलंच बरं. आठ इंची आरसा सिद्धांतानुसार ०.५८ विकलांपर्यंतचे तपशील सुटे करू शकतो, म्हणजे गुरूच्या तबकडीवर आडवे पाऊणशे-ऐंशी सुटे ठिपके दिसायला हवेत. प्रत्यक्षात सामान्य रात्री हवाच दोन-अडीच विकलांचा लगदा करून टाकते. ऐंशीचे वीस होतात. ग्रहांच्या फोटोग्राफीचा सगळा इतिहास म्हणजे हे बुडालेले साठ ठिपके परत मिळवण्याची खटपट.

फिल्मच्या काळात ती खटपट बहुतेक वाया जात होती. ग्रहाचा प्रकाश मोठा करून फिल्मवर टाकला की उजेड पसरतो, म्हणून शटर सेकंदभर किंवा त्याहून जास्त उघडं ठेवावं लागे. तेवढ्या वेळात हवा कितीतरी वेळा थरथरते आणि ते सगळे थरथराट एकावर एक छापले जातात. डोळ्याचं तसं नाही. नेत्रिकेला डोळा लावून बसलेल्या निरीक्षकाला मधूनच अर्धा क्षण हवा स्थिर झालेली सापडते, तेवढ्यात दिसलेलं तो लक्षात ठेवतो आणि कागदावर काढतो. त्यामुळे कॅमेरा येऊनही पुढची कित्येक दशकं ग्रहांच्या बाबतीत पेन्सिलच वरचढ राहिली.

पण पेन्सिलीमागे मन असतं, आणि तिथेच मंगळाचे कालवे उपटले. १८७७ मध्ये इटालियन खगोलशास्त्रज्ञ स्कियापारेल्लीने मंगळावर काढलेल्या रेषांचं अमेरिकेच्या पर्सिव्हल लोवेलने एका आख्ख्या संस्कृतीत रूपांतर केलं. टीकाकारांचं तोंड बंद करायला १९०५ मध्ये त्याच्या वेधशाळेत कार्ल लॅम्पलंडने मंगळाचे फोटो घेतले. कालवे कॅमेऱ्याने पकडले अशी घोषणाही झाली. मात्र त्या प्रतिमा इतक्या लहान आणि दाणेदार होत्या की छपाईत त्यांतलं काही उमटेना, आणि ज्याला जे हवं ते त्याने त्यात पाहिलं. १९०९ मध्ये पॅरिसजवळच्या म्यूदाँ इथल्या ८३ सेंटीमीटरच्या दुर्बिणीतून अँतोनियादीने स्थिर हवेत मंगळ पाहिला तेव्हा रेषा विरघळून वेडेवाकडे डाग उरले. हवेची प्रत एक ते पाच अशी रोमन आकड्यांत मांडण्याची जी पद्धत हौशी निरीक्षक आजही वापरतात, ती याच अँतोनियादीची. कालव्यांची गोष्ट इथे काढायचं कारण पुढे येईल.

कोंडी फोडणारा विचार १९७८ मध्ये डेव्हिड फ्राइड या अमेरिकन शास्त्रज्ञाने गणितात मांडला. हवा अधूनमधून योगायोगाने शांत असतेच, मग फार कमी वेळाचे फोटो भरपूर काढले तर त्यांतले काही जवळपास निर्दोष निघतील. किती निघतील? ते दुर्बिणीचा व्यास आणि हवेतल्या एकसारख्या तुकड्याची रुंदी यांच्या गुणोत्तरावर ठरतं. सामान्य रात्री हा तुकडा चार सेंटीमीटरचा धरू. आठ इंची, म्हणजे २० सेंटीमीटरच्या दुर्बिणीला साधारण नवातली एक फ्रेम चांगली मिळते. अकरा इंचीला पावणेचारशेतली एक. सोळा इंचीला दहा लाखांत एक! हवा उत्तम असेल आणि तुकडा दहा सेंटीमीटरचा झाला, तर मात्र तीच सोळा इंची तिनातली एक देते. मोठी दुर्बीण घ्यावी का, या सनातन वादाचं एवढं नेमकं उत्तर दुसरं नाही. मोठा आरसा चांगल्या रात्री छोट्याला सहज मागे टाकतो, पण वाईट रात्री त्याचा मोठेपणा बराचसा वाया जातो. अर्थात फ्राइडची ‘चांगली फ्रेम’ फार कडक मापाची आहे. थोड्या बिघडलेल्या फ्रेममध्येही माहिती असते, म्हणून मोठ्या दुर्बिणीवाले सामान्य रात्रीही अगदी रिकाम्या हाताने परत येत नाहीत.

हे गणित गच्चीवर उतरायला वीस-बावीस वर्षं गेली. गंमत अशी की ते उतरवलं ते व्हिडिओ गप्पांसाठी विकल्या जाणाऱ्या वेबकॅमने. २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांत फिलिप्सचा टूयूकॅम भिंग काढून दुर्बिणीला लावायची टूम जगभर पसरली. २००२ मध्ये नेदरलँड्सच्या कोर बेरेव्हूट्सने ‘रजिस्टॅक्स’ हा कार्यक्रम फुकट खुला केला. तो व्हिडिओतल्या फ्रेम तपासून, चांगल्या निवडून, एकावर एक जुळवून रचत असे. रचण्याचं काम आज बहुतेक जण एमिल क्राइकाम्पच्या ‘ऑटोस्टॅकर्ट’वर करतात. तोही डच, तोही फुकट. चित्रण करणारं ‘फायरकॅप्चर’ आणि ग्रह फिरवून सरळ करणारं ‘विनजूपॉस’ ही जर्मन हौशींची देणगी. या छंदातली महाग वस्तू लोखंड, काच आणि संवेदक. बुद्धी जवळपास सगळी मोफत मिळते.

आजची पद्धत थोडक्यात अशी. दुर्बिणीच्या मागे प्रतिमा मोठी करणारं बार्लो भिंग आणि त्यामागे छोटा खगोलीय कॅमेरा. त्यातला संवेदक बहुधा सोनीचा, पिक्सेल तीन-चार मायक्रॉनचे. नाभीय गुणोत्तर, म्हणजे नाभीय अंतर भागिले आरशाचा व्यास, पिक्सेलच्या मायक्रॉनमधल्या मापाच्या साधारण पाचपट ठेवायचं, म्हणजे २.९ मायक्रॉनला १४-१५. त्याहून जास्त ताणलं की प्रतिमा मोठी आणि अंधारी होते, तपशील वाढत नाही. नवशिक्यांचा निम्मा उत्साह या ताणाताणीत जातो. गुरूसाठी एकेका फ्रेमला पाच-दहा मिलिसेकंद, शनीला त्याच्या दुप्पट-तिप्पट. सेकंदाला शंभरेक फ्रेम धरल्या तर दोन मिनिटांत बारा हजार होतात. त्यांतल्या वरच्या दहा-वीस टक्के ठेवायच्या. अडीच हजार फ्रेम रचल्या की दाणेदारपणा पन्नास पटींनी उतरतो, आणि मग वेव्हलेट नावाच्या गणिती चाळणीने दबलेले बारकावे उठवता येतात. रचण्याआधी हेच उठवायला गेलं तर दाण्यांशिवाय हाती काही लागत नाही.

दोनच मिनिटं का, तासभर का नाही? कारण ग्रह फिरतो. गुरूचा दिवस ९ तास ५५ मिनिटांचा आहे. तबकडीच्या मध्यावरचा ढग मिनिटाला पाव विकला सरकतो, म्हणजे सव्वादोन-अडीच मिनिटांत आठ इंचीची सगळी भेदनक्षमता खाऊन टाकतो. ‘विनजूपॉस’ इथे कामाला येतं: एकामागून एक घेतलेले व्हिडिओ वेगवेगळे रचायचे आणि प्रत्येक चित्र गोलावर गुंडाळून एकाच क्षणापर्यंत फिरवायचं. त्यामुळे वीस मिनिटांचा प्रकाश एका फोटोत येऊ शकतो. मंगळ सावकाश फिरतो, तिथे घाई कमी.

खरेदीबद्दल माझं मत सरळ आहे. खोक्यावर ‘५२५ पट’ असं छापलेली दुर्बीण घेऊ नये. सहा किंवा आठ इंची आरशाची डॉब्सोनियन पहिल्यांदा घ्यावी. आपोआप ग्रहामागे फिरणारा माउंट असला तर सोय होते, पण हाताने ढकलत, ग्रह चौकटीतून पुनःपुन्हा जाऊ देत घेतलेल्या व्हिडिओंतूनही चांगली चित्रं निघतात. रचणारा कार्यक्रम ग्रह शोधून मध्यावर आणतो. सुरुवात मोबाइलनेही करता येते. नेत्रिकेवर फोन बसवायची पकड मिळते, उजेड कमी करून व्हिडिओ घ्यायचा आणि तोच रचायचा. शनीची कडी आणि गुरूचे दोन मुख्य पट्टे त्यात नक्की येतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट फुकट आहे आणि तरी तिचा कंटाळा केला जातो, ती म्हणजे कॉलिमेशन. दोन्ही आरसे एका अक्षावर आणणं. वाहतुकीत न्यूटोनियनचे आरसे हलतातच, आणि थोडासा तिरकेपणाही ग्रहाचा कडक तपशील घालवतो. दुसरी गोष्ट आरसा निवण्याची. घरातून आणलेला जाड काचेचा आरसा बाहेरच्या हवेहून गरम असेल तर नळीतच वाफा हलतात आणि वरची हवा कितीही शांत असून उपयोग होत नाही. मुंबईच्या दमट, सारख्या तापमानात हा त्रास कमी. पुण्या-नाशिकच्या जानेवारीत, जिथे पारा संध्याकाळनंतर भराभर उतरतो, तिथे दुर्बीण दीड-दोन तास आधी बाहेर काढून ठेवावी लागते.

आता जागेचा प्रश्न, आणि इथे आपल्या बाजूने बरंच बोलता येतं. दूरच्या दीर्घिका टिपायच्या तर शहर सोडावं लागतं, ग्रहांना शहराच्या उजेडाचं काही वाटत नाही. गुरू दादरमधूनही तेवढाच तेजस्वी. फरक पडतो तो उंचीचा. ग्रह जितका खाली, तितकी त्याच्या प्रकाशाच्या वाटेत जास्त हवा. शिवाय हवा लोलकासारखी वागून रंग फोडते. क्षितिजापासून ३० अंशांवर निळी आणि तांबडी प्रतिमा एकमेकींपासून सुमारे अडीच विकला दूर पडतात. २०१९-२० मध्ये गुरू आकाशाच्या दक्षिण भागात होता तेव्हा लंडनवरून तो फार तर सोळा अंश वर येत होता, पुण्यावरून जवळपास पन्नास. डेमियन पीच हा ब्रिटनचा नामांकित ग्रहछायाचित्रकार चांगल्या हवेसाठी बार्बाडोसला जात असे. तिथे ग्रह जितके वर दिसतात, जवळपास तेवढेच वर ते आपल्याला घरबसल्या दिसतात. हिवाळ्यात पश्चिमेकडून वाहणारा जोरदार उच्च वारा, म्हणजे जेट स्ट्रीम, उत्तर भारतावरून जातो. महाराष्ट्र त्याच्या मुख्य प्रवाहाच्या दक्षिणेला असतो, त्यामुळे निदान कागदावर तरी दिल्लीपेक्षा कोल्हापूरचं पारडं जड आहे.

गच्ची मात्र शत्रूही होऊ शकते. दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो, आणि ग्रह शेजारच्या इमारतीच्या छतावरून जात असेल तर तिचीही उष्णता वाटेत येते. एसीची बाहेरची यंत्रं म्हणजे तर उष्ण हवेचे कारंजेच. गच्चीपेक्षा गवताची जमीन बरी. ती नसेल तर रात्री एक-दोननंतरची वेळ धरावी. कोकण किनाऱ्यावर समुद्रावरून येणारी हवा सपाट वाहते. जगातले काही उत्तम ग्रहछायाचित्रकार बेटांवर किंवा किनाऱ्यालगत राहतात ते उगाच नाही. दव आणि बुरशी ही त्या सोयीची किंमत.

सगळ्यात वाईट अडचण पावसाळा. जून ते सप्टेंबर दुर्बीण झाकलेली. मंगळाच्या बाबतीत तर हा योग अगदी क्रूर आहे. मंगळ सूर्याच्या सर्वांत जवळ असताना होणाऱ्या प्रतियुती (प्रतियुती म्हणजे पृथ्वी सूर्य आणि ग्रह यांच्या मधे येणं), ज्यांत तो सर्वांत मोठा दिसतो, नेहमी जुलै-ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपासच येतात, कारण त्याच्या कक्षेचा तो भाग पृथ्वी त्याच महिन्यांत ओलांडते. २००३ चा ऑगस्ट, २०१८ चा जुलै, पुढे २०३३ चा जून आणि २०३५ चा सप्टेंबर. पंचवीस विकलांचा मंगळ महाराष्ट्रावर बहुधा ढगांवरूनच जातो.

आता खरेपणाचा प्रश्न, ज्यासाठी कालवे आठवले. रचलेला आणि धार काढलेला फोटो हा कोणत्याही एका क्षणाचा नसतो. तो हजारो क्षणांतून निवडलेला आहे, आणि निवडीनंतर चाळणीची बटणं एका माणसाने फिरवली आहेत. यात फसवणूक नाही, जोवर चाळणी आकड्यांत असलेलंच उठवते. बटण जास्त फिरलं की चूक कुठे उमटते हे आता बऱ्यापैकी ठाऊक आहे: मंगळाच्या उजळ कडेला समांतर एक काळसर कोर, शनीच्या कड्यांत नसलेल्या फटी, गुरूच्या चंद्राभोवती वलय. शनीच्या कड्यांतल्या एन्केच्या फटीचं उदाहरण घ्या. ती ३२५ किलोमीटर रुंद आहे, म्हणजे आपल्याकडून विकलेच्या विसाव्या हिश्श्याएवढी. लहान दुर्बिणीतून ती टिपल्याचे दावे होत असतात. लांब काळी रेष भेदनक्षमतेहून बारीक असली तरी दिसू शकते, म्हणून दावा सरळ फेटाळता येत नाही. पण जास्त धारेनेही बरोबर तशीच रेष उमटते. अशा वेळी एकच परीक्षा: वेगळ्या व्हिडिओतून, शक्य तर वेगळ्या दुर्बिणीतून, ती त्याच जागी पुन्हा येते का.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी धार काढणारी साधनं याहून पुढची आहेत आणि माझ्या मते या कामातून त्यांना बाहेर ठेवावं. इतर चित्रांवर शिकलेला कार्यक्रम ‘इथे असं असायला हवं’ म्हणून तपशील भरतो तेव्हा लोवेलचंच मन यंत्रात बसवलेलं असतं. सुशोभनासाठी वापरायचं असेल तर खुशाल, फक्त तसं लिहावं.

हे इतकं कडक बोलायचं कारण, या फोटोंवर विज्ञान चालतं. फिलिपिन्समधल्या सेबू शहरातून ख्रिस्तोफर गोने अकरा इंची दुर्बिणीने फेब्रुवारी २००६ मध्ये गुरूवरचं एक पांढरं वादळ तांबडं झाल्याचं दाखवलं. १९ जुलै २००९ ला ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ अँथनी वेस्ली गुरू टिपत होता. मध्यरात्री आवरून घरात जावं आणि टीव्हीवर गोल्फ आणि क्रिकेट पाहावं असा त्याचा विचार होता. अर्धा तास जाऊन आला तेव्हा गुरूच्या दक्षिण भागात काळा डाग वळून समोर येत होता. काहीतरी गुरूवर आदळलं होतं. हवाईतल्या नासाच्या दुर्बिणीने ते पडताळलं आणि चारच दिवसांनी हबलनेही तो डाग टिपला. पुढच्या वर्षी जूनमध्ये गुरूवरची लकाकी वेस्ली आणि गो या दोघांनीही स्वतंत्रपणे चित्रित केली, म्हणून तिच्याबद्दल शंकाच उरली नाही. मार्च २०१२ मध्ये वेन येश्केने मंगळाच्या कडेवर उंच फुगवटा टिपला. तो पृष्ठभागापासून दोनशे किलोमीटरहून वर होता आणि त्यावरचा निबंध २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला.

लकाकी नशिबाची गोष्ट. जास्त मोलाची आहे ती कंटाळवाणी नोंद. गुरूचा तांबडा डाग एकोणिसाव्या शतकात सुमारे ४०,००० किलोमीटर लांब होता, १९७९ मध्ये व्हॉयेजरला तो २३,००० च्या आसपास मिळाला आणि २०१४ मध्ये हबलने १६,५०० मोजला. मधल्या काळातलं त्याचं आक्रसणं आणि सरकणं हौशींच्या शेकडो चित्रांवरून मोजलं जातं. जुलै २०१६ पासून गुरूभोवती फिरणारं जूनो यान लांबट कक्षेत असल्याने प्रत्येक फेरीत काही तासच जवळ असायचं. ते कुठल्या ढगांवरून जाणार हे कळायला पृथ्वीवरच्या अंगणांतले फोटो वापरले गेले.

आणि इथे आपली जागा मोकळी दिसते. एका ठिकाणाहून एका रात्रीत गुरूची जेमतेम एक फेरी दिसते, सलग नोंदीसाठी पृथ्वीभर साखळी लागते. जपान आणि फिलिपिन्समध्ये गुरू पश्चिमेला कलतो आणि युरोपात अजून पूर्वेला खालीच असतो, तेव्हा तो आपल्या डोक्यावर असतो. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत १९८५ पासून खगोल मंडळ आहे, आयुकाच्या कार्यशाळांत कितीतरी जणांनी स्वतः आरसे घासले आहेत. देखणे फोटो आपल्याकडे निघतात. पण जागतिक वेळेतली नोंद, फिल्टर, दुर्बिणीचा व्यास आणि हवेची प्रत लिहून, वाईट रात्रीचाही फोटो फेकून न देता बिल्बाओच्या विद्यापीठाकडे असलेल्या ग्रहचित्रांच्या संग्रहात किंवा जपानच्या संग्रहात नियमाने पाठवणारे हात इथे वाढायला हवेत. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करायचं विसरलं तर गुरू अर्ध्याहून अधिक फिरलेला असतो, आणि चित्र कितीही सुंदर असून मोजणीला निरुपयोगी.

मुहूर्त हवा असेल तर २०२७ चा फेब्रुवारी. १० तारखेच्या सुमाराला गुरूची प्रतियुती, १९ च्या सुमाराला मंगळाची, आणि दोघेही सिंह राशीत. मंगळ त्या वेळी चौदा विकलांपर्यंतही जात नाही, पण मघा ताऱ्याच्या बाजूला, कोरड्या आकाशात, मध्यरात्री पुण्याच्या जवळजवळ डोक्यावर असेल. त्याचं उत्तर ध्रुवावरचं बर्फ तेव्हा आपल्याकडे वळलेलं आहे, आणि आठ इंचीला ते पुरेल.